तीन ठोके आणि सातवा रकाना

सहा जबाब होते. सहाही इंग्रजीत करून झाले होते आणि तरीही दुभाषिणीचं काम अडून बसलं होतं ते एका चौकोनावर. एवढासा तो चौकोन, त्यात एक खूण करायची की सुटलो. पण ती तासभर पेन हातात धरून बसली होती, आणि चहाचं पार पाणी झालं होतं.

फॉर्म चौकशीचा होता. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तीन आठवड्यांपूर्वी अपघात झाला होता, त्याची चौकशी. हॉस्पिटल मोठं, त्याचं मुख्य ऑफिस लांब दुसऱ्या शहरात, आणि तिथल्या साहेबलोकांना इंग्रजीशिवाय दुसरं अक्षर कळत नसे. धुलाईखान्यातल्या बायका बोलणार मराठीत. म्हणून मधे दुभाषीण. तिनं जबाब ऐकायचे, उतरवायचे, इंग्रजीत करायचे आणि त्यांच्या आधारावर फॉर्मचे रकाने भरून द्यायचे.

सातव्या रकान्यात विचारलं होतं, की अपघाताच्या दिवशी जी कृती करायची राहून गेली, ती कामगारांमध्ये कोणत्या स्वरूपाची होती? खाली चार चौकोन. हॅबिट, रुटीन, प्रॅक्टिस, कस्टम. त्याखाली, भिंग लावून वाचावेत अशा बारीक अक्षरांत, चौघांचे अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? चारही एकाच माळेचे मणी, सवय म्हणा आणि मोकळ्या व्हा. तिथंच तर घोडं पेंड खातं! नखं कुरतडणं ही हॅबिट. माणूस एकटं असलं तरी करतं, आणि करतंय हे त्याचं त्यालाच कळत नाही. सातला उठायचं, साडेसातला दाढी करायची, ते रुटीन, घड्याळाला बांधलेलं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर कोपरापर्यंत हात धुतो ती प्रॅक्टिस, कुणी तरी ठरवलेली, शिकलेली, पुढच्याला शिकवलेली. आणि पाहुणा निघाला की दारापर्यंत सोडायला जायचं ते कस्टम. कुणी काढलं कुणास ठाऊक, पण मोडलंत तर चार लोक नावं ठेवतील. मराठीतही भरणा काही कमी नाही. सवय आहे, खोड आहे, नेम आहे, रीत आहे, परिपाठ आहे, शिरस्ता आहे. बोलताना आपण हाताला लागेल तो शब्द उचलतो आणि पुढे जातो. बोलण्यात ते खपून जातं, फॉर्ममध्ये खपत नाही.

ज्या गोष्टीला नाव द्यायचं होतं, ती होती तीन ठोके.

धुलाईखान्यातलं मोठं मशीन दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बसवलेलं होतं. अलीकडची खोली मळकी, पलीकडची स्वच्छ. अलीकडच्या दारातून वॉर्डातल्या चादरी आत कोंबायच्या, पलीकडच्या दारातून धुतलेल्या काढायच्या, म्हणजे एकीकडची रोगराई दुसरीकडे जात नाही. व्यवस्था चांगली, फक्त मधे भिंत असल्यामुळे अलीकडचीला पलीकडची दिसत नाही. पलीकडचं दार उघडं असताना मशीन सुरूच होऊ नये अशी एक कळ त्यात होती. ती दोन वर्षांपासून बिघडलेली आणि दोन वर्षांपासून दुरुस्तीच्या यादीत.

मळक्या बाजूला एकोणीस वर्षं मावशी होत्या. सगळ्या त्यांना मावशीच म्हणत, सुपरवायझरसुद्धा. मावशी बटण दाबण्याआधी मशीनच्या लोखंडी दारावर मूठ आपटून तीन ठोके द्यायच्या, ओठांतल्या ओठांत पाचपर्यंत मोजायच्या आणि मग बटण दाबायच्या. कशाला, ते कधी बोलल्या नाहीत. बाकीच्या बायका त्यांची नक्कल करायच्या. डबा उघडायच्या आधी डब्यावर तीन ठोके, बाथरूमच्या दारावर तीन ठोके. मावशीही हसण्यावारी न्यायच्या.

पलीकडच्या खोलीत एक बाई चादरी काढायची. सगळ्या तिला पलीकडची म्हणत. ठोके ऐकू आले की ती हात बाहेर काढायची आणि मागं सरायची. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. जबाबात म्हणाली, "त्यात सांगण्यासारखं काय होतं? आवाज आला की हात काढायचा, माझं आपलं ठरलेलं."

त्या दिवशी मावशी डोळे तपासायला गेल्या होत्या. बटणावर नवी होती. नवी म्हणजे तिथं लागून आठ महिने झालेली, पण अजून नवीच. मशीन तयार असल्याचा हिरवा दिवा लागला, तिनं बटण दाबलं. पलीकडची आत अडकलेली उशीची खोळ ओढत होती. ठोके आलेच नाहीत, म्हणून तिनं हात काढला नाही. हात दोन ठिकाणी मोडला.

झालं! दुसऱ्या दिवशीपासून धुलाईखान्यात जो तो ठोक्यांविषयी बोलू लागला. ज्या बायका आठवडाभरापूर्वी डबे ठोकून खिदळत होत्या, त्याच गंभीर चेहऱ्यानं सांगू लागल्या, "ती तर आमच्याकडची रीतच आहे. पहिल्यापासूनची. ठोके दिल्याशिवाय बटण दाबत नाही कुणी." घड्या घालणाऱ्या दोघींनी तेच सांगितलं, सुपरवायझरनं त्यांची री ओढली, आणि खुद्द मावशींच्या जबाबातही तेच होतं. खोडीची रीत व्हायला एक अपघात पुरला.

दुभाषिणीनं चौकशी अधिकाऱ्याला सातव्या रकान्याबद्दल विचारलं, तेव्हा तो कागदांच्या गठ्ठ्यातून मान वर न काढता म्हणाला, "अहो बाई, प्रॅक्टिसवर खूण करा आणि द्या पाठवून. शुक्रवारी मला हे टेबलावरून गेलेलं पाहिजे."

"पण लिहिलेलं नाही ना कुठं. शिकवण्याच्या वहीत ठोक्यांचा शब्द नाही."

"नसेल. कळ बिघडलेली होती, म्हणून बायकांनी ही प्रॅक्टिस पाडली. सगळ्या एकमुखानं सांगतायत. तुम्हीच तर भाषांतर केलंय."

माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त काम उरकायचं होतं, आणि कागद त्याच्या बाजूनं होते. पण बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते दुभाषिणीनं दहा वेळा वाचलं होतं. प्रॅक्टिस असेल, तर ती माहीत असून न पाळणारी व्यक्ती जबाबदार. हॅबिट असेल, तर ती एकट्या माणसाची, दुसऱ्यावर बंधन नाही, आणि लेखी नियम केला नाही म्हणून संस्था जबाबदार. म्हणजे एका चौकोनात खूण केली की बिघडलेल्या कळीबद्दल हॉस्पिटल काखा वर करणार आणि सगळं खापर नवीच्या डोक्यावर फुटणार. कामावरून काढतीलच, वर असा शेरा मारतील की पुन्हा कुठल्या हॉस्पिटलच्या दारात तिला कुणी उभं करणार नाही.

यात दुभाषिणीचं काय जात होतं? म्हटलं तर काहीच नाही. बावीस वर्षं ती हे काम करत होती, आणि तिचं एक तत्त्व होतं. नवीन लागलेल्या दुभाष्यांना ती ते ठणकावून सांगायची. आपण नळ आहोत. टाकीत असेल ते बादलीत पडलं पाहिजे. आपण गाळायचं नाही, साखर घालायची नाही, आणि टाकीत वाकून तर मुळीच बघायचं नाही. जे बोललं गेलं तेवढंच आपलं. या तत्त्वामुळे तिला मान होता. तिच्या भाषांतरावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

पण नवीच्या जबाबातलं एक वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "मावशी ठोके देतात हे तुम्ही रोज बघत होता. ते कशासाठी, हे कधी विचारलंत?" दुभाषिणीनं ते लिहून घेतलं होतं आणि पेन टेकवून उत्तराची वाट बघत होती. नवीनं तोंड उघडलं, मिटलं, टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. किती तरी वेळ गेला. मग ती म्हणाली, "नाही. नाही विचारलं." दुभाषिणीनं लिहिलं, नाही. इंग्रजीतही दोन अक्षरांचं उत्तर झालं. मधला तो वेळ कुठं लिहायचा? लिहायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिनं जागा शोधलीही नव्हती.

संध्याकाळी घरी गेली ती तोंड पाडूनच. नवरा खिडकीशी बसून काम करत होता. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. घरभर कुणाकुणाचे दात मांडलेले असत, आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी टेबलावरचं काही न बघता उचलायची तिची टाप नव्हती.

"कुणी मारलं बाईसाहेबांना?" त्यानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. रकाना, चौकोन, नवीचं थांबणं. शेवटी म्हणाली, "मला विचारता येत नाही. माझं ते तत्त्वच आहे, तुम्हांला माहितीये."

"माहितीये की." तो कवळीवरून कानस फिरवत होता. "पण मला त्यात तत्त्व कधी दिसलं नाही बुवा. मला ती तुझी सवय वाटते."

"म्हणजे?"

"म्हणजे तू घरीही तेच करतेस. मी म्हटलं बरं आहे, तर बरं आहे. गेल्या वर्षी मी दोन महिने छातीत दुखतंय म्हणून गोळ्या घेत होतो. तू विचारलंस, बरं आहे ना? मी म्हटलं, आहे. झालं, तुझं काम संपलं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं. "कवळी बसवली की मी माणसाला विचारतो, टोचतंय का? सगळे म्हणतात, नाही. खुर्चीतून उठायची घाई असते ना. मग मी म्हणतो, हे घ्या बिस्किट, चावून दाखवा. तेव्हा कुठं कळतं."

"छातीत दुखत होतं?" ती म्हणाली. "मला सांगितलं का नाही?"

"आता विचारलंस ना," तो म्हणाला. "ॲसिडिटी होती. बस खाली."

ती बसली. तिला रडू आलं, आणि ते नवऱ्यासाठी होतं की नवीसाठी की बावीस वर्षांच्या तत्त्वासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ज्याला आपण मानानं प्रॅक्टिस म्हणत आलो, ती नखं कुरतडण्यातलीच गोष्ट निघाली तर? शिस्त म्हणून सुरू केलं असेल कधी काळी. पण मग ते अंगवळणी पडलं, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीला डोकं लागत नाही, जीवही लागत नाही. नवरा उठला आणि त्यानं तिच्यापुढं चहा ठेवला. तो तिनं गरम असतानाच प्यायला.

आता चौकशीच्या कामात एक नियम आहे. इंग्रजीत केलेला जबाब ज्याचा त्याला मराठीत परत वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. नियम चांगला आहे, पण तो पाळला कसा जातो म्हणाल तर गाडी सुटायच्या वेळी तिकीट तपासल्यासारखा. दुभाषीण भरभर वाचणार, समोरचा "हो हो, बरोबर" म्हणणार, सही, पुढचा. तीही असंच करत आली होती. गुरुवारी सकाळी मात्र ती मावशींचा जबाब घेऊन खाली धुलाईखान्यात गेली ती पुरता वेळ काढून.

मावशींना अपघातानंतर मशीनवरून हलवून घड्यांच्या खोलीत बसवलं होतं. खोलीत वाफेचा आणि साबणाचा वास, टेबलावर पांढऱ्या चादरींचे ढीग. मावशी एकट्याच होत्या. हातांना गप्प बसणं माहीत नसल्यासारख्या घड्या घालत होत्या.

"या बाई. सही ना? द्या करते."

"आधी वाचते, मावशी."

"वाचायचं काय त्यात! माझंच बोलणं मलाच."

"तुमचं बोलणं इंग्रजीत गेलं की त्याचं काय होतं, ते ऐका तर खरं." ती स्टूल ओढून बसली आणि एकेक वाक्य सावकाश वाचू लागली. एकोणीस वर्षं काम करते, बरोबर. त्या दिवशी रजेवर होते, बरोबर. मग ती ठोक्यांच्या वाक्यावर आली. "तुम्ही म्हणालात, ठोके देणं ही इथली रीत आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. यावरून फॉर्ममध्ये असं जाईल, की ठोके देण्याची पद्धत इथं ठरलेली होती. ती विचार करून पाडलेली होती. नव्या माणसाला ती शिकवली जात होती. नवीला ती माहीत होती, आणि माहीत असून तिनं ती मोडली. म्हणून दोष तिचा. बरोबर?"

मावशींचे हात थांबले. "शिकवली जात होती, असं कुठं म्हणाले मी?"

"इंग्रजीत ते आपोआप येतं, मावशी. त्या शब्दाच्या पोटातच आहे ते."

"मग तो शब्द काढा."

"काढून दुसरा कुठला घालू? तुम्ही सांगा, मी घालते. तुम्ही नवीला शिकवलं होतं का?"

असा प्रश्न तिनं बावीस वर्षांत कुणाला केला नव्हता. मावशींनी हातातली चादर उलगडून पुन्हा घडी घातली. दुभाषीण थांबली. या वेळी तिला लिहायची घाई नव्हती.

"मी कुणालाच शिकवलं नाही," मावशी शेवटी म्हणाल्या. "बाई, मी लागले त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. ती कळ तेव्हाही एकदा बिघडली होती, मग दुरुस्त झाली. मी बटण दाबलं, आणि पलीकडून किंकाळी आली. तेव्हा दुसरी बाई होती तिथं. तिचा हात कोपरापर्यंत आत होता. नशीब बलवत्तर, बाही फाटली आणि हात सुटला. नुसतं खरचटलं. ती भली होती. म्हणाली, जाऊ दे, कुणाला सांगू नको. मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ठोके द्यायला लागले. माझे मलाच. भीती वाटायची म्हणून."

"मग बाकीच्यांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मी एकीचा हात तोडणार होते, म्हणून ठोकते? लाज वाटली. हसायच्या त्या बरं वाटायचं मला. हसतायत तोवर विचारत नाहीत." मावशींनी चादरीची एक कड चिमटीत धरली होती, ती सोडली नाही. "आणि आता परवा सगळ्या म्हणायला लागल्या, मावशींची रीत, मावशींची रीत. सुपरवायझर म्हणाला, मावशी, तुम्ही होतात म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी मला असं म्हणालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं हो. तिकडं एकीचा हात मोडलाय, दुसरीची नोकरी जातेय, आणि मला मेलीला बरं वाटलं!"

दुभाषिणीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. असलं काही ती कामावर करत नसे.

"अजून आहे," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या पोरीनं मला विचारलं होतं. लागली त्या आठवड्यातच. ठोके का देता, मावशी, मीपण देऊ का? असं विचारलं होतं. आणि मी हसून म्हटलं, छे गं, म्हातारीची खोड ती, तू नको लक्ष देऊ."

टेबलाच्या कडेवरून फिरणारा तो अंगठा दुभाषिणीला डोळ्यांपुढं दिसला. नवीनं विचारलं होतं. विचारून, उत्तर मिळवून, ती अधिकाऱ्यासमोर "नाही" म्हणाली होती. आणि ते खोटं दुभाषिणीनं स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरांत, इंग्रजीत नेऊन ठेवलं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "हे लिहिलं तर नवी सुटेल. पण तुमच्यावर येईल. तुम्ही सगळ्यांत जुन्या, शिकवायचं काम तुमच्याकडं होतं. निवृत्तीला तुमचे सातच महिने राहिलेत. नीट विचार करा. आत्ता तुम्ही मला जे सांगितलंत ते कागदावर नाही. कागदावर येईपर्यंत ते फक्त तुमचं नि माझं."

मावशींनी नाक पुसलं. "तीन आठवडे विचारच करतेय. मला वाटायचं कुणी तरी विचारील. तुमच्या त्या साहेबानं विचारलं ते सगळं रीत आहे का, किती वर्षांची आहे. तू तिला काय सांगितलंस, हे कुणी विचारलंच नाही. लिहा बाई. माझं मन फिरायच्या आत लिहा."

तिनं लिहिलं. ते वाक्य इंग्रजीत करायला तिला एक क्षणही लागला नाही. तिनं विचारलं, मी म्हटलं लक्ष देऊ नको. यात कुठल्याही भाषेत अडण्यासारखं काही नव्हतं. मग तिनं ते परत वाचून दाखवलं, शब्द न् शब्द, आणि मावशींनी सही केली.

अधिकाऱ्यानं तो जबाब वाचला, डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही तर नुसतं वाचायला गेला होतात ना?"

"वाचलंच."

"शुक्रवार गेला माझा." पण त्यानं जबाब पुन्हा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्याचा आवाज उतरला. "हे असं असेल तर पोरीवर काहीच राहत नाही. हॅबिटवर करा खूण. मग कळीची विचारणा वरच्यांना होणार, होऊ दे. दोन वर्षं यादीत ठेवली कुणी, ते सांगतील आता."

"आणि मावशी?"

"त्यांना ताकीद जाईल. काढणार नाहीत, मी तसं लिहीन. पण मशीनवर परत नाही." त्यानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "एक भानगड आहे. या म्हणतात विचारलं होतं, ती म्हणते विचारलं नाही. दोन्ही पाठवता येणार नाहीत. जाऊन विचारा तिला."

नवी वरच्या मजल्यावर वॉर्डातल्या मळक्या चादरी गोळा करत होती. चौकशी संपेपर्यंत तिला मशीनच्या जवळपास फिरकायला बंदी होती. दुभाषिणीला बघून तिचा चेहरा पडला. निकालच घेऊन आली असं वाटलं असावं.

"तुमच्या जबाबातलं एक वाक्य विचारायचंय," दुभाषीण म्हणाली. "तुम्ही मावशींना ठोक्यांबद्दल विचारलं होतंत का?"

"सांगितलंय की मी. नाही."

"तेच राहू दे म्हणता?"

"हो, मॅडम. राहू द्या." नवीनं गाठोड्याची गाठ उगाच पुन्हा आवळली. "माझं वय आहे, मी काहीतरी बघीन दुसरं. त्यांचे सात महिने राहिलेत."

"मावशींनी सांगितलं सगळं," दुभाषीण म्हणाली. "आज सकाळी. कुणी जोर केला नाही, आपणहून. तुम्ही विचारलंत, त्या काय म्हणाल्या, सगळं. सही केलीये."

नवी गाठोड्यावरच बसली. ती रडेल असं दुभाषिणीला वाटलं, पण ती रडली नाही. आवळलेली गाठ तिनं सोडून टाकली.

"मग लिहा, विचारलं होतं," ती म्हणाली. "पण मॅडम, त्यांना एक सांगाल? मी लागले तेव्हा महिनाभर माझ्याशी इथं कुणी धड बोलत नव्हतं. त्या एकट्या हसून बोलल्या. त्या ठोक्यांचं विचारलं तेव्हाच. मला बाकी काही आठवत नाही, त्या हसल्या तेवढं आठवतं. म्हणून मी त्यांचं नाव घेतलं नाही. त्यांना वाटेल मी घाबरून गप्प बसले. तसं नव्हतं, म्हणावं."

"हे जबाबात घालू का?"

"नको. हे त्यांना."

बावीस वर्षांत दुभाषिणीनं कागदावर नसलेला शब्द इकडचा तिकडं नेला नव्हता. ती तीन मजले उतरून घड्यांच्या खोलीत गेली. मावशी टेबलाशी उभ्या होत्या, आणि आता घड्या घालणाऱ्या दोघीही शेजारी होत्या. त्या दोघींसमोरच तिनं मावशींना नवीचं बोलणं सांगितलं. मराठीतलं मराठीत, एकही शब्द न बदलता, नवी जिथं थांबली होती तिथं तेवढंच थांबून. ऐकता ऐकता मावशी खाली बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या, आणि घड्या घालणाऱ्या दोघींपैकी कुणी हसलं नाही.